जुन्या आगगाडीचा भराव : काय राखावे, का राखावे, कसे राखावे

(अभ्यासलेख — ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय पाहून काही जण म्हणतील, "साहेब ऊस सोडून रुळावर कुठं निघाले?" शंका रास्त आहे. पण आपल्या कार्यक्षेत्रातील कित्येक गावांच्या शिवारांतून बार्शी लाइटचा जुना मार्ग गेलेला आहे. छोटी गाडी बंद झाली, रूळ उचलले गेले. भराव, मोऱ्या, खोदाया आणि हद्दीचे दगड मात्र बऱ्याच ठिकाणी अजून जागेवर आहेत. अलीकडे तेही झपाट्याने जाऊ लागले आहेत. कोणी भराव फोडून मुरूम नेतो, कोणी मोरीचे घडीव दगड घराच्या जोत्याला लावतो, तर कोणी चार सऱ्या वाढतील म्हणून जेसीबी घालतो.

आमचे म्हणणे आधीच थोडक्यात सांगतो. जुन्या लाइनीचे जतन म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे रूळ आणि इंजिन येते. ते चुकीचे नाही, पण ते शेवटचे काम. पहिले राखायचे ते भराव आणि त्याखालची मोरी. दुसरी राखायची ती माहिती. लोखंड तिसरे. हा क्रम असा का, ते या पाठात पाहू.

१. लाइन आली ती पिकासाठी

लहान मापाच्या लाइनीचे आणि साखरेचे नाते फार जुने आहे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ पेती-बूर येथे दकोव्हील नावाच्या घराण्याची मोठी शेती होती. साखरेचे बीट हे त्यांचे एक पीक. १८७५ च्या सुमारास ओल्या रानातून बीट बाहेर काढणे अवघड झाले. गाड्या चिखलात रुतू लागल्या. पोल दकोव्हील याने शक्कल काढली. हलक्या रुळांचे, खाली पट्ट्या जोडलेले तयार तुकडे करायचे, माणसांनी ते उचलून रानात टाकायचे, एकाला एक जोडायचे, त्यावरून ढकलगाड्या न्यायच्या आणि काम झाले की तुकडे उचलून दुसऱ्या रानात न्यायचे. पुढे ही पद्धत जगभरच्या उसाच्या मळ्यांत पसरली. म्हणजे ही युक्ती सुचली ती एका शेतकऱ्याला, तीही आपल्यासारख्याच अडचणीतून. पाऊस लागला आणि माल रानात अडकला की काय होते, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

उसाला तर घाई जास्तच. तुटलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन आणि साखर घटते. म्हणून तोडणीपासून चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे असे आम्ही वारंवार सांगतो. मळा ते गव्हाण हे अंतर लवकर तोडण्यासाठी जगात अनेक ठिकाणी कारखान्यांनी स्वतःच्या छोट्या लाइनी टाकल्या. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात आजही सुमारे चार हजार किलोमीटर लांबीच्या अशा लाइनी उसासाठी चालतात. त्यांचे माप ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट.

मग आपल्या सहकारी कारखान्यांनी तसे का केले नाही? याचे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. ट्रॉली लाइन परवडते ती सलग मळ्याला. एका कंपनीच्या ताब्यात हजारो एकर एका जागी असतील तर लाइन टाकता येते. सहकारात मालक हजारो आणि तुकडे विखुरलेले. कोणाचे दोन एकर ओढ्याच्या अलीकडे, कोणाचे तीन पलीकडे. तेथे लाइन कोणाच्या बांधावरून नेणार? म्हणून आपला कारखाना बैलगाडीवर उभा राहिला आणि पुढे ट्रॅक्टर-ट्रकवर वाढला. आपल्या भागातील जुनी लाइन ही कारखान्याची नव्हे, सर्वांची होती. तिचे नाव बार्शी लाइट.

२. बार्शी लाइट : थोडा इतिहास

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मोठा मार्ग बार्शीला न जाता कुर्डुवाडीवरून गेला. बार्शी कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण स्टेशन वीस मैलांवर. सगळा माल बैलगाडीने न्यावा लागे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर त्या रेल्वेच्या नोकरीत होता. त्याने येथे हलकी लाइन टाकण्याची योजना मांडली. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही लाइन सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर भरली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. वारीच्या दिवसांत वारकऱ्यांनी भरून जाणारी हीच ती गाडी.

या लाइनीचे माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पण कॅल्थ्रॉपची खरी करामत मापात नव्हती. ती होती भाराच्या वाटपात. बैलगाडीत ऊस भरताना आपण काय बघतो? भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, पुढे आला तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. बेताने भरली तर तीच बैलजोडी जास्त माल सहज ओढते. कॅल्थ्रॉपने तेच तत्त्व रेल्वेला लावले. इंजिन असो, डबा असो की वाघीण असो, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, असे त्याने ठरविले. आस म्हणजे ॲक्सल. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला गेल्याने हलके रूळ पुरले. यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाच्या रुळांवर लांबलचक डबे आणि भक्कम इंजिने धावू लागली. रूळ हलके म्हणून लाइन स्वस्त, लाइन स्वस्त म्हणून ती खेड्यापाड्यांतून नेणे शक्य. हलक्या लाइनीचे जगभरचे अभ्यासक बार्शीचे नाव घेतात ते यासाठी.

२००१ नंतरच्या दहा-बारा वर्षांत हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने मोठ्या मापाचा झाला. ते चांगलेच झाले. मोठ्या गाड्या आल्या, जाणे-येणे सोपे झाले. लाइन रुंद झाली याबद्दल गळा काढण्याचे काही कारण नाही. मात्र मोठ्या मापाला मोठी वळणे आणि सौम्य चढ लागतो. शिवाय उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, शहर मार्गावर घेण्यासाठी त्या बाजूची आखणी बदलली गेली. त्यामुळे जेथे जुनी वाट सोडून नवी धरली, तेथे जुने तुकडे बाजूला पडले. आपला प्रश्न या सोडलेल्या तुकड्यांचा आहे.

३. अवशेष ओळखावेत कसे

रूळ नसले तरी लाइन ओळखता येते. पुढील खुणा पाहाव्यात.

(अ) भराव व खोदाई. रानातून जाणारा लांब, एकसारख्या उंचीचा बांध दिसला, त्याचे वळण हळुवार असले आणि पुढे टेकाड आले की तोच बांध खोदाईत शिरत असला, तर ती लाइन समजावी. शेताचा बांध जमिनीप्रमाणे वर-खाली होतो. लाइनीचा भराव जमिनीचे ऐकत नाही, तो आपली पातळी धरून चालतो.

(आ) खडी. नांगरटीत एका पट्ट्यातच सारख्या आकाराची फोडलेली काळी खडी वर येते.

(इ) मोऱ्या व पूल. घडीव दगडाची लहान कमान किंवा वर फरशा टाकलेली चौकोनी मोरी. दगडावर आकडा कोरलेला किंवा रंगविलेला असल्यास तो टिपून घ्यावा. तो मोरीचा क्रमांक असू शकतो.

(ई) दगड. हद्दीचे दगड, मैलाचे दगड, चढ दाखविणाऱ्या खांबांचे बुंधे.

(उ) लोखंड. गोठ्याचा खांब, विहिरीवरचा आडवा, फाटकाची चौकट, ओढ्यावरचा साकव यांत रुळाचे तुकडे सापडतात. रुळाच्या उभ्या पोटावर बहुधा उठावाची अक्षरे असतात. त्यांत बनविणाऱ्याचे नाव, साल आणि वजन मिळते. फिशप्लेट म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी. तीही नीट पाहावी.

(ऊ) कागद. गावनकाशावर रेल्वेची पट्टी वेगळी दाखविलेली असते. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रत घेतली की जमिनीवर पुसलेली लाइनही कागदावर सापडते.

कोठे रूळ जागेवर असतील तर माप घेताना एक काळजी घ्यावी. माप रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमध्ये घ्यावयाचे, मध्यापासून मध्यापर्यंत नव्हे. ६१० मिलिमीटर भरले तर दोन फुटी, ७६२ भरले तर अडीच फुटी, १००० भरले तर मीटर गेज आणि १६७६ भरले तर मोठे माप.

४. भराव आणि मोरी पहिली का : पाण्याचा हिशेब

आता आमच्या खात्याच्या मूळ विषयाकडे येतो.

लाइनीचा भराव हा पाण्याच्या वाटेत आडवा घातलेला बांध असतो. हे बांधणारांना ठाऊक होते. म्हणून जेथे जेथे पाणी वाहून येते तेथे तेथे त्यांनी मोरी ठेवली. ओढ्याला पूल, घळीला कमान आणि नुसत्या उताराच्या रानालाही लहान मोरी. शंभर वर्षांत आजूबाजूच्या शेतांची आखणी या मोऱ्यांना धरून झाली. वरच्या शेतकऱ्याचा चर मोरीपर्यंत येतो, खालच्याचा चर मोरीपासून निघतो. भराव आणि मोऱ्या मिळून त्या शिवाराची निचऱ्याची व्यवस्थाच तयार झाली आहे, फक्त तिला कोणी तसे म्हणत नाही.

गाडी बंद झाली आणि गँगमन गेले. पूर्वी पावसाळ्याआधी मोऱ्या साफ होत. आता त्यांत गाळ, पाचट, प्लॅस्टिक. कोणी आपल्या बाजूने भराव सपाट करतो आणि ती माती मोरीच्या तोंडात लोटतो. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. एक-दोन जोरदार पावसाळे झाले की वरच्या बाजूच्या काळ्या रानात पाणी बसते. उसाच्या मुळांना हवा मिळत नाही, फुटवे कमी, पाने पिवळी. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खार दिसू लागते. मग तो सभासद आमच्याकडे माती परीक्षणाला येतो आणि खताची मात्रा विचारतो. अशा रानात खताने काय होणार? दुखणे मोरीत आहे.

एक साधा हिशेब मांडू. समजा, भराव पायथ्याशी २० फूट रुंद आहे आणि एका सभासदाने ६०० फूट लांबीचा सपाट केला. मिळालेली जमीन १२,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ गुंठे. एकरी ४० टनांच्या हिशेबाने गुंठ्याला एक टन धरला तरी जास्तीचा ऊस ११ टन. तोही खडी-मुरमाच्या जागेत पहिल्या वर्षी येत नाही. आता दुसरी बाजू. मोरी बुजल्यामुळे वरच्या अंगाची दोनच एकर जमीन पाणथळ झाली आणि उतारा एकरी ४० वरून २५ टनांवर आला, तर तूट ३० टन. ही तूट दरसाल होते. शिवाय खारावलेली जमीन सुधारायला चर काढा, जिप्सम टाका, हिरवळीचे खत गाडा, आणि वाट बघा. मिळविले अकरा, घालविले तीस. त्यातही मिळविणारा एक आणि घालविणारा दुसरा असेल तर बांधाचा तंटा वेगळाच.

निचऱ्याची दुसरी पुरेशी सोय इंजिनिअरकडून आखून घेतल्याशिवाय भरावाला हात लावू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. वारसा म्हणून ज्याला कौतुक नाही त्यानेही निदान आपल्या उसासाठी मोरी सांभाळावी.

५. बाहेर लोकांनी काय केले

कॅल्थ्रॉपचीच दुसरी लाइन पाहू. बार्शीच्या अनुभवावर त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी लाइन उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तेथल्या एका इंजिनाला त्याचेच नाव दिले होते. खोऱ्यातले दूध वाहून नेणे हे तिचे मोठे काम. दूध मोटारीने जाऊ लागले तशी लाइन तोट्यात गेली आणि १९३४ मध्ये बंद पडली. रूळ विकले गेले. पण तेथील कौंटी कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, लाइनीची वाट ताब्यात घेतली आणि १९३७ मध्ये ती पायवाट म्हणून लोकांना खुली केली. सुमारे १३ किलोमीटरची ती वाट आजही चालू आहे. रूळ नाहीत, इंजिने नाहीत, तरी लाइन आहे, कारण भराव, पूल आणि बोगदा राहिला. बार्शीच्या या धाकट्या बहिणीकडून घेण्यासारखा धडा हाच.

आता उसाच्या मुलखातले उदाहरण. तैवान बेटावर जपानी अमलात साखर कारखाने निघाले. त्यांनी बार्शीच्याच मापाच्या, ७६२ मिलिमीटरच्या लाइनी टाकल्या. तेथील पहिली उसाची रेल्वे १९०७ मध्ये चिआओतोऊ कारखान्यात सुरू झाली आणि भरभराटीच्या काळात बेटभर मिळून तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त लाइनी होत्या. पुढे साखर परवडेना, कारखाने एकेक बंद झाले. चिआओतोऊचे गाळप १९९९ मध्ये थांबले आणि त्या जागी साखर उद्योगाचे संग्रहालय झाले. वूशूलिन येथे बंद कारखान्याच्या लाइनीवर माणसांना फिरविणारी गाडी सुरू झाली. १९४८ साली बेल्जियममध्ये बनलेले वाफेचे इंजिन दुरुस्त करून तेथे चालते केले. हुवेई कारखान्याने तर एकविसाव्या शतकातही गाळपाच्या दिवसांत उसाची गाडी चालू ठेवली. तेथे जतन केले ते साखर उद्योगानेच, म्हणून सगळे एकत्र राहिले : गव्हाण, काटा, लाइन आणि इंजिन.

क्वीन्सलँडमधील नॅम्बूर गावात मोरेटन नावाचा साखर कारखाना होता. त्याचा पहिला हंगाम १८९७ चा, म्हणजे बार्शी लाइटच्याच सालचा. उसाची गाडी भर गावाच्या रस्त्यातून जायची. २००३ मध्ये कारखाना बंद झाला आणि जागेवर दुकाने आली. रस्त्यातले रूळ मात्र सरकारच्या वारसा यादीत असल्याने तेथेच राहिले. कारखाना गेला तरी तो कुठे होता हे रस्ता सांगतो.

आपल्याकडेही नमुना आहे. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. रूळ डांबराखाली गेले. पुढे फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी खोदकामात जुने रूळ आणि दगडी फरसबंदी वर आली. ते भंगारात न घालता लोकांना पाहता येतील असे ठेवले. मंत्रालयात कामाला जाणाऱ्या सभासदांनी वाट थोडी वाकडी करून हुतात्मा चौकात ते जरूर पाहावेत.

या उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक ठिकाणी राखणारा वेगळा होता : कोठे परगण्याची संस्था, कोठे कारखाना, कोठे सरकार, कोठे महापालिका. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वेळेत "थांबा" म्हणाले. भंगारवाल्याचा काटा पडल्यावर म्हणून उपयोग नसतो.

६. आपण काय करावे

(१) मालकी तपासा. लाइन बंद झाली म्हणजे जमीन मोकळी झाली असे नाही. रीतसर हस्तांतर होईपर्यंत ती पट्टी रेल्वेची. रूळ, स्लीपर, फिशप्लेट उचलून आणणे हा रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ प्रमाणे गुन्हा ठरतो. "पडलंय तर आणलं" ही सबब चालत नाही. लिलावात घेतलेले जुने लोखंड असेल तर पावती जपून ठेवा.

(२) मोरी साफ ठेवा. मे महिन्यात, पावसाआधी, वरच्या व खालच्या शेतकऱ्यांनी मिळून ग्रामपंचायतीमार्फत परवानगी घेऊन गाळ काढावा. गाळ हाताने काढावा, कमानीवर यंत्र चढवू नये. दगडी बांधकामात पिंपळ-उंबराचे रोप उगवले तर लहान असतानाच छाटावे. मोठे झाल्यावर उपटून काढायला जाल तर मुळासकट दगड येईल. जुने बांधकाम चुन्यातले असेल तर दरजा चुन्यानेच भराव्यात. सिमेंट कडक पडते, आतली ओल कोंडते आणि दगडाची कड सुटते.

(३) भरावावरून जड वाहतूक करू नका. काही गटांतून मागणी आली आहे की जुना भराव ऊस वाहतुकीला रस्ता म्हणून वापरावा. कल्पना वाईट नाही, पण मूळ लाइन आखली ती आसाला पाच टनांच्या भारासाठी. आजच्या भरलेल्या ट्रकच्या एका आसावर त्याहून किती तरी जास्त भार पडतो, आणि डबल ट्रॉलीचा भारही कमी नसतो. रूळ आणि स्लीपर तो भार पसरवून देत, आता तेही नाहीत. रेल्वेची परवानगी आणि इंजिनिअरची तपासणी झाल्याशिवाय मोरीवरून उसाचे वाहन नेऊ नये. पायवाट, सायकल, दुचाकी यांना मात्र परवानगी मिळवून अशी वाट उत्तम. शाळेच्या मुलांना डांबरी रस्ता टाळून जाता येईल.

(४) नोंद करा. हे काम बिनखर्चाचे आणि सर्वांत तातडीचे. प्रत्येक मोरीचा, दगडाचा, स्टेशनच्या इमारतीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. फोटोत बारा इंची पट्टी किंवा विळा ठेवावा म्हणजे आकार कळतो. एक फोटो जवळून आणि एक लांबून. कागदावर गाव, गट नंबर, तारीख, लांबी-रुंदी-उंची आणि आजची स्थिती लिहावी. वही गट ऑफिसात ठेवावी आणि एक प्रत गावच्या शाळेला द्यावी.

(५) माणसांना विचारा. लाइनीवर गँगमन, सांधेवाले, फाटकवाले, खलाशी म्हणून काम केलेली माणसे आपल्या गावांत अजून आहेत, पण थकली आहेत. मोरीला कोणते नाव होते, पुराच्या वर्षी पाणी कुठवर चढले, कोणत्या चढावर गाडीचा दम जायचा, हे कोणत्याही नकाशात नाही. पुराच्या पाण्याची खूण तर आपल्या निचऱ्याच्या आखणीलाच उपयोगी आहे. त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि नाव-तारीख सांगून मगच सुरू करा.

(६) लोखंड शेवटी. आपल्या घरच्या मालकीचा रुळाचा तुकडा असेल तर त्यावरची अक्षरे घासून काढू नका. सुटा गंज ब्रशने झाडा, जमिनीपासून वर दोन विटांवर ठेवा, तेलाचा हात द्या. लाकडी स्लीपर असेल तर मातीला टेकवू नका, वाळवी लागते. आणि तो तुकडा कुठून आला ते लिहून ठेवा. कुठला हे माहीत नसलेला रूळ म्हणजे नुसते पंधरा किलो मीटरचे लोखंड, आणि माहीत असलेला रूळ म्हणजे गावचा दाखला.

७. एक शंका आणि तिचे उत्तर

आमच्या गटसभांत एका तरुण सभासदाने सरळ विचारले, "ती लाइन साहेबाच्या कंपनीची. आपण कशाला राखायची?" प्रश्न नेमका आहे. कंपनी लंडनची होती, नफाही तिकडे गेला, हे खरेच. पण भरावाची माती टाकणारे, खडी फोडणारे, दगड घडविणारे आणि पुढे ती लाइन राखणारे हात येथल्या गावांतले होते. अनेकांच्या आजा-पणजांच्या जमिनीची पट्टी त्यात गेली. कापूस, भुसार, वारकरी आणि दुष्काळात पोटामागे निघालेली माणसे त्या गाडीने गेली. आपल्या सहकाराचा इतिहास आपण दप्तरात, अहवालांत नीट ठेवला. त्याआधीच्या शिवाराचा इतिहास मात्र कागदावर फारसा नाही. तो अशा दगड-मातीतच आहे. कंपनीची मालकी केव्हाच संपली. राहिलेली मोरी आपल्या पाण्याची आहे.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गटाने निदान एका मोरीची पाहणी करावी. पाहणीचा साधा तक्ता शेतकी खात्याच्या गट ऑफिसात ठेवला आहे. निचऱ्याची पातळी काढण्यासाठी आमचा माणूस सोबत येईल. ज्या सभासदांच्या रानात भरावालगत पाणी बसते त्यांनी ऊस नोंदीच्या वेळीच तसे सांगावे, म्हणजे लागणीपूर्वी पाहणी करता येईल.

अभ्यास मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या शिवारात जुन्या लाइनीच्या किती मोऱ्या आहेत? त्यांतील किती वाहत्या आहेत?

२. त्या मोऱ्यांतून येणारे पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला मिळते? वाटेत ते कोठे अडते?

३. भराव काढल्यास मिळणारे गुंठे आणि होणारी तूट यांचा हिशेब वरील पद्धतीने आपल्या रानासाठी मांडा.

४. गावात लाइनीवर काम केलेले कोण आहेत? त्यांच्याकडे कोण आणि कधी जाणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बैठक उठण्याआधी ठरवावे. मोरी पुढच्या वर्षी साफ करता येईल, ती माणसे पुढच्या हंगामापर्यंत थांबतीलच असे नाही.